‘सेरोटोनिन कमी’ ही गोष्ट खोटी असेल, तर गोळी कशासाठी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलंय. मुलगा २३ वर्षांचा, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरीला. गेले काही महिने गप्प गप्प असतो, झोप उडालीय, जेवणावरची वासना गेलीय, कामावर दांड्या. गणपतीत ढोल वाजवायला कधी न चुकणारा हा मुलगा यंदा खोलीतून बाहेर आला नाही. सायकियाट्रिस्टनी डिप्रेशन आहे असं सांगून एस्सिटालोप्रॅम सुरू केली. पाच आठवडे झाले, थोडा फरक आहे. आता मुलाने नेटवर वाचलंय की ‘सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की डिप्रेशन येतं’ हे शास्त्रज्ञांनीच खोडून काढलंय, म्हणून तो गोळी बंद करायची म्हणतो. त्याच्या बाबांना गोळी पहिल्यापासूनच नको होती. ते म्हणतात, केळी-बदाम खा, सकाळी कमाटीबागेत चाल, ‘हॅपी हॉर्मोन्स’ आपोआप वाढतात. आणि एका लॅबच्या पॅकेजात सेरोटोनिनची टेस्ट आहे, ती करून टाकू म्हणजे सोक्षमोक्ष लागेल, यावर बापलेकाचं एकमत आहे. ताई विचारतात, यात बरोबर कोण?

ताई, आधी कामाचं सांगते. गोळी आज बंद करायची नाही. त्या टेस्टवर एक रुपया घालवायचा नाही. कमाटीबागेत मात्र त्याला जरूर जाऊ दे, आणि जमलं तर बाबांनीही सोबत जावं. आता राहिलं मुलाचं वाचन. त्याने जे वाचलंय ते बरंचसं खरं आहे, म्हणून घरात त्याला ‘नेटवरचं काहीतरी वाचतोस’ असं म्हणू नका. त्याचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. गेली अनेक वर्षं बडोद्यात मानसोपचार करताना हा प्रश्न मी सतत ऐकते, तरुण मुलांकडून तर फारच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सेरोटोनिनबद्दलचा आजवरचा पुरावा एकत्र करून तपासला. रक्तातलं सेरोटोनिन, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सापडणारे त्याचे अवशेष, मेंदूतले रिसेप्टर म्हणजे सेरोटोनिन पकडणारे पेशींवरचे भाग, सेरोटोनिन परत आत ओढून घेणारं प्रथिन, जनुकं, सगळं त्यात आलं. डिप्रेशनच्या माणसांत सेरोटोनिन कमी असतं असा सातत्याने टिकणारा पुरावा त्यांना कुठल्याच बाजूने मिळाला नाही. संशोधन करणाऱ्यांना यात फारसा धक्का बसला नाही, ‘एकच रसायन कमी, म्हणून आजार’ या कल्पनेवर त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता. धक्का बसला तो लोकांना, कारण ओपीडीत, जाहिरातींत, शाळेतल्या भाषणांत ‘केमिकल इम्बॅलन्स’ हे वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आमच्या क्षेत्राने ते वापरलं त्यामागचा हेतू चांगला होता. डिप्रेशन म्हणजे आळस नाही, मनाचा दुबळेपणा नाही, हे घरच्यांना पटावं. पण अर्ध्या गोष्टीवर विश्वास ठेवला की ती अर्धी गोष्ट कोसळताना तिच्याबरोबर खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास जातो. तुमच्या घरात आज तेच चाललंय.

ही कल्पना आली कुठून, ते तुमच्या मुलाला सांगा, त्याला आवडेल, कारण तिची सुरुवात आपल्याच मातीत आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वेडेपणावर आणि झोपेसाठी पूर्वापार दिली जायची. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मानसिक आजार या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधा आणि रक्तदाबावरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाबासाठी ते जगभर दिलं जाऊ लागलं. पुढे दिसलं की रेसर्पिनमुळे मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिनचे साठे रिकामे होतात, आणि ते घेणारे काही रुग्ण खचल्यासारखे होतात. त्याच सुमारास अमेरिकेत टीबीवरचं इप्रोनियाझिड देताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्ण अगदी उत्साहात आलेत. हे औषध तीच रसायनं मोडणाऱ्या एन्झाइमला रोखतं, म्हणजे त्यांचं प्रमाण वाढतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष समोर दिसतो: रसायन घटलं की उदासी, वाढलं की उत्साह. १९६० च्या दशकात ही मांडणी पक्की झाली. आधी नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या नावाने, मग सेरोटोनिनच्या.

अडचण तेव्हाही दिसत होती. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांना रेसर्पिन देऊन पाहिलं, तर त्यांना ते उपयोगीच पडलं. पण हा लेख मागे पडला, कारण सोप्या गोष्टीत तो बसत नव्हता.

आणि मुख्य म्हणजे औषधाने काय होतं त्यावरून आजार कशाने झाला हे ठरवता येत नाही. पाय मोडला की प्लास्टर घालतात. प्लास्टर कमी पडलं म्हणून हाड मोडलं असं कोणी म्हणत नाही. तसंच, मोडण्याचं कारण प्लास्टर नव्हतं हे कळलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात कोणी ते कापूनही टाकत नाही. हाड स्वतःचं स्वतः जुळतं, प्लास्टर त्याला जुळायला स्वस्थता देतं.

एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळ्या नेमकं काय करतात? दोन मज्जापेशींमधल्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारं प्रथिन त्या अडवतात. हे काही तासांत होतं. मूड सुधारायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. नुसत्या कमतरतेचा प्रश्न असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस हसत उठला असता. मधल्या आठवड्यांत पेशी त्या बदलाशी जुळवून घेतात, स्वतःच स्वतःला लावून घेतलेला ब्रेक सैल करतात, नव्या जोडण्या करण्याची त्यांची क्षमता वाढते. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचं काम मला यात सगळ्यात पटणारं वाटतं. डिप्रेशनमध्ये माणसाला समोरचा साधा, कोरा चेहराही नाराज वाटतो. बॉसने मान हलवली तर ‘माझ्यावर चिडलाय’, आईने विचारलं ‘जेवलास का’ तर ‘मी ओझं झालोय’. हार्मर यांना दिसलं की अँटिडिप्रेसंटच्या अगदी सुरुवातीच्या डोसांतच चेहऱ्यांकडे बघण्याचा हा कल हलायला लागतो, आणि माणसाला स्वतःला काही बरं वाटायच्या आधी. मग रोजच्या आयुष्यात त्या वेगळ्या दिसलेल्या चेहऱ्यांचा अनुभव साचत जातो, आणि मूड मागून येतो. म्हणून घरात जर दिवसभर टोमणेच कानावर पडत असतील, तर गोळीने सैल केलेल्या मनाला धरायला काही मिळत नाही. यात तुमचा आणि त्याच्या बाबांचा वाटा फार मोठा आहे.

मुलाला आणखी एक सांगा, म्हणजे तो दुसऱ्या टोकाला जाणार नाही. सेरोटोनिनचा डिप्रेशनशी संबंधच नाही, असंही नाही. ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर सेरोटोनिन बनवतं. १९९० मध्ये येल विद्यापीठातल्या पेद्रो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी गोळ्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या आहारातलं ट्रिप्टोफॅन थोड्या काळासाठी एकदम घटवलं. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांपैकी अनेकांची उदासी काही तासांत परत आली, आणि नेहमीचं जेवण सुरू केल्यावर गेली. निरोगी माणसांवर हाच प्रयोग केला तर बहुतेकांना काही होत नाही. म्हणजे सेरोटोनिन हे सुखाचं पेट्रोल नव्हे, पण ज्याचं मन त्याच्या आधाराने उभं राहतंय त्याचा आधार अचानक काढला तर तो पडू शकतो. तुमचा मुलगा आज नेमका तिथे आहे.

आणि गोळ्यांचा उपयोग होतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सिद्धान्तातून काढायचं नसतं, गोळी आणि खोटी गोळी समोरासमोर ठेवून काढायचं असतं. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये अँड्रिया चिप्रियानी यांच्या गटाने ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र मोजले. त्यातली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मध्यम आहे, अफाट नाही. काहींना गोळी खूप लागू पडते, काहींना पहिली लागू पडत नाही आणि दुसरी पडते, काहींना गोळीपेक्षा बोलण्याचे उपचार जास्त मानवतात. पाच आठवड्यांत ‘थोडा फरक’ ही चांगली खूण आहे. डॉक्टर डोस वाढवतील, थोडं थांबतील किंवा समुपदेशन जोडतील. ते त्यांना ठरवू द्या.

आता बंद का करायची नाही ते सांगते. एक तर, बरं वाटल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, कारण लवकर सोडली की आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. दुसरं, एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, रडू येणं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, असं होऊ शकतं. व्यसन नसतं ते, पण मुलगा घाबरतो आणि म्हणतो, ‘बघा, गोळीने काय केलं.’ सोडायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू, काही आठवड्यांत उतरवत आणतात.

त्याच्या वयामुळे एक गोष्ट मी ठळक सांगते. २५ वर्षांच्या आतल्या मुलांत गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढून जीव देण्याचे विचार येऊ शकतात. असं थोड्यांनाच होतं, पण होतं. तो येरझारा घालतोय, रात्रभर जागा आहे, ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ असं काही बोलतोय, तर त्याला सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतंय का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्र असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. त्याला एकटं सोडू नका आणि घरातल्या औषधांची पेटी कुलपात ठेवा.

आणि याच्या उलट, तो अचानक फारच खुशीत आला, दोन-तीन तास झोपून ताजातवाना, भराभर बोलतोय, पैसे उधळतोय, तरीही लगेच डॉक्टरांना सांगा. काही जणांच्या उदासीच्या मागे बायपोलर आजार असतो, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अति उत्साह, आणि त्यात नुसती ही गोळी पुरत नाही, उलट त्रास वाढवते. घराण्यात कोणाला असं झालं असेल तर तेही सांगायचं राहू देऊ नका.

आता बाबांची केळी. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं आहे. पण आपल्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मुळात आतड्यात बनतं, तिथे ते आतडं हलवायचं काम करतं. रक्तात ते प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं, रक्त गोठायला मदत करतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना जी पक्की अस्तरं असतात त्यातून सेरोटोनिन आत जाऊच शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो, मेंदूच्या देठातल्या थोड्याशा पेशींमध्ये. तुम्ही म्हणाल, मग ट्रिप्टोफॅन तरी जात असेल? जातं, पण त्याला आत शिरायला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे ‘ट्रिप्टोफॅनवाला’ पदार्थ जास्त खाल्ला की मेंदूत सेरोटोनिन जास्त, असा सरळ हिशेब लागत नाही. केळं खावं, चांगलं फळ आहे. मूडसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आणि इथेच ती टेस्ट येते. रक्तातल्या सेरोटोनिनचा आकडा प्लेटलेट आणि आतड्याबद्दल सांगतो. मेंदूबद्दल तो काहीही सांगत नाही. सेरोटोनिन मोजणं खरं कामाचं आहे ते कार्सिनॉइड नावाच्या गाठीच्या शोधात. ती गाठ सेरोटोनिन भरमसाठ सोडते, म्हणून २४ तासांच्या लघवीत त्याचा अवशेष मोजतात. आणि त्या तपासणीच्या आधी रुग्णाला काही दिवस केळी, अननस, अक्रोड खाऊ नका म्हणून सांगतात, कारण त्यांनी आकडा खोटा वाढतो. म्हणजे केळ्यांनी असा आकडा वाढला, तरी मुलगा होता तिथेच राहील. मला अशा पॅकेजांचा राग येतो, कारण हवालदिल झालेल्या घराला तिथे एक आकडा विकला जातो.

पैसे घालायचेच असतील तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व करा. आधी केलं नसेल तर तुमचे डॉक्टर सांगतीलच. त्यात बी-१२ मी इथे फार आग्रहाने तपासते. आपल्याकडे बडोद्यात कितीतरी मराठी घरंही पूर्ण शाकाहारी झालीयत, आणि बी-१२ हे मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. रोज एक कप चहात जेवढं दूध जातं तेवढ्याने भागत नाही. बी-१२ फार खाली गेलं की थकवा, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, उदासी, सगळं येतं, आणि ते भरून काढणं सोपं आहे. थायरॉइड मंदावली तरी चित्र हुबेहूब डिप्रेशनसारखं दिसतं.

मुलाला कुणी ऑनलाइन ‘५-एचटीपी’च्या (सेरोटोनिन बनवायचा कच्चा माल) किंवा ‘मूड बूस्टर’च्या कॅप्सूल सुचवल्या तर त्या या गोळीबरोबर अजिबात घेऊ नयेत. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर घाम, थरथर, ताप, बेचैनी, जुलाब अशी घातक अवस्था होऊ शकते. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधं यांच्याबाबतही हा धोका आहे, म्हणून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकलवाल्याकडे गेलात तर ‘एस्सिटालोप्रॅम चालू आहे’ हे वाक्य आधी बोला. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते.

डोपामिनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मुलाच्या वयाची मुलं ‘डोपामिन डिटॉक्स’ करायला, म्हणजे मोबाइल-रील बंद ठेवून डोपामिन ‘धुवायला’ निघतात, आणि ‘कशाची इच्छाच होत नाही’ या त्याच्या तक्रारीशी मला सेरोटोनिनपेक्षा डोपामिनचा संबंध जास्त दिसतो, म्हणून थोडं लांबून सांगते.

१९५४ मध्ये कॅनडात ऑल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत तार बसवली, दांडी दाबली की त्या जागी हलका करंट. उंदीर खाणंपिणं सोडून दांडी दाबत राहिला. सगळे म्हणाले, सुखाची जागा सापडली. पुढे हे सुख डोपामिनचं आहे असं ठरलं. मग मिशिगनच्या केंट बेरिज यांनी एक फार साधी गोष्ट केली: उंदराचं तोंड जवळून पाहिलं. गोड पाणी तोंडात पडलं की उंदीर, आणि माणसाचं तान्हं बाळसुद्धा, जीभ बाहेर काढून ओठ चाटतं. कडू लागलं की तोंड वासतं. बेरिज यांनी उंदरांचं जवळजवळ सगळं डोपामिन नष्ट केलं. ते उंदीर स्वतःहून अन्नापर्यंत जात नव्हते, समोर ठेवलं तरी खात नव्हते, उपाशी मेले असते. पण थेंबभर साखरपाणी जिभेवर ठेवलं की पूर्वीसारखेच ओठ चाटत होते. गोडी शाबूत होती, धाव गेली होती. म्हणजे डोपामिन चव देत नाही, ओढ देतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेतली तेव्हा दिसलं की अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की या पेशी उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं की शांत राहतात, अपेक्षित ते मिळालं नाही की पडतात. रील वर ढकलत राहणारा अंगठा याच हिशेबावर चालतो. पुढचं कदाचित भारी असेल.

माणसात हे किती स्पष्ट दिसतं ते एका रुग्णावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. रावपुऱ्यातले एक निवृत्त काका, पार्किन्सनसाठी प्रॅमिपेक्सोल घेत होते, हे औषध डोपामिनसारखं काम करतं. आयुष्यात पत्त्याच्या डावाला पैसा न लावलेला माणूस रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंग करायला लागला. काकू पासबुक घेऊन आल्या, पानं दुमडून खुणा केलेलं. काका खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर थरथरत होता आणि उजव्या हाताचा अंगठा बंद मोबाइलच्या काचेवरून फिरतच होता. मी विचारलं, ‘काका, मजा येते का?’ ते म्हणाले, ‘मजा कसली हो डॉक्टर, हात थांबत नाही.’ न्यूरॉलॉजिस्टनी औषध हळूहळू उतरवून बदललं, आणि काही आठवड्यांत ट्रेडिंगची ओढ तशीच गेली, जशी आली होती. पार्किन्सनच्या या औषधांचा हा माहितीतला दुष्परिणाम आहे. डोपामिन म्हणजे आनंद असता तर काका तेव्हा बडोद्यातले सर्वांत सुखी गृहस्थ असायला हवे होते.

तुमच्या मुलाचं उलटं झालंय. तुम्ही लिहिलंय, ‘त्याला कशाची इच्छाच होत नाही.’ ढोल आवडेनासा झालाय की ढोलापर्यंत जावंसं वाटत नाही, हे नीट बघा. बहुतेक वेळा दुसरं असतं. त्याला उचलून नेलं तर थोडं बरं वाटतं, पण तो स्वतःहून कधीच निघणार नाही. म्हणून ‘इच्छा झाली की करशील’ असं म्हणून वाट बघणं डिप्रेशनमध्ये चालत नाही. क्रम उलटा ठेवावा लागतो, आधी करायचं, ओढ मागून येते. या पद्धतीला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात आणि डिप्रेशनवर तिचा उपयोग चांगला सिद्ध झालाय. तासभर व्यायाम, नवीन कोर्स, असलं काही ठरवू नका, हरेल आणि आणखी खचेल. सकाळी साडेसातला पायात चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत, एवढंच. आठवड्यातून एकदा एका मित्राबरोबर सेव-उसळ खायला. पथकातल्या कुणाला सांगा, ‘वाजवायला नको, नुसतं येऊन बस म्हणावं.’ केल्यावर दहापैकी किती बरं वाटलं ते त्याने वहीत लिहावं, कारण उदास मन आदल्या दिवशीचं बरं वाटलेलं साफ विसरतं. ‘डोपामिन डिटॉक्स’ने डोपामिन धुतलं जात नाही, ते सतत लागतंच, नाहीतर हातपायही हलणार नाहीत. रात्री दहानंतर मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावला तर झोप सुधारेल, तेवढ्यासाठी ते करा.

चालण्याबद्दल बाबा बरोबर आहेत, कारण मात्र ते म्हणतात ते नाही. पळून आल्यावर येणारी ती हलकी धुंदी एंडॉर्फिनची, म्हणजे शरीरातल्या वेदनाशामक रसायनांची, असं सगळे म्हणतात. २०२१ मध्ये हॅम्बर्गच्या संशोधकांनी एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध देऊन लोकांना पळवलं, तरी धुंदी आलीच. ती बहुधा शरीरातल्या भांगेसारख्या रसायनांची, आनंदमाइड त्यातलंच एक. नाव काही असो, डिप्रेशनमध्ये चालणं, हलकं धावणं, योगासनं, वजनं उचलणं यांचा उपयोग होतो. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने २१८ चाचण्यांचा आढावा छापला, त्यात हेच दिसतं. सकाळचं ऊन झोपेचं घड्याळ जागेवर आणतं, म्हणून चालायचं ते सकाळी.

एकत्र चालणं, एकत्र वाजवणं, एकत्र नाचणं याचं मोल वेगळंच आहे. ऑक्सफर्डच्या गटाने ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचवून पाहिलं. एका तालात नाचलेल्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढली आणि एकमेकांबद्दल जवळीकही वाढली. मेंदूतली वेदनाशामक रसायनं सुटल्याची ही खूण ते मानतात. बडोद्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रात्री बारापर्यंत गरब्याच्या गोलात फिरलेल्या मुलींना पायाचे फोड घरी आल्यावर दिसतात. ढोल पथकही त्याच जातीचं. म्हणून ढोलाचा धागा मी सोडणार नाही.

ऑक्सिटोसिनबद्दल थोडक्यात: मिठी मारली की ‘प्रेमाचं हॉर्मोन’ सुटतं हे पूर्ण चित्र नाही. ते आपल्या माणसांबद्दल ओढ वाढवतं, आणि काही प्रयोगांत परक्यांपेक्षा आपल्यांना झुकतं मापही द्यायला लावतं. तुम्ही त्याच्या शेजारी बसा, पाठीवर हात ठेवा, रसायनाचा विचार न करता.

एक नाजूक विषय. दारू, सिगरेट, मावा यातलं काही असेल तर डॉक्टरांना खरं सांगायला हवं. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे मुलं ओपीडीत हे हमखास लपवतात. आम्ही पोलिसांना कळवत नाही, आमच्याकडे बोललेलं गुप्त राहतं. दारूने त्या रात्री सैल वाटतं आणि दोन दिवस उदासी गडद होते, शिवाय या गोळीबरोबर ती नकोच. झोप येत नाही म्हणून घरातल्या आजी-आजोबांची अल्प्राझोलामची पट्टी त्याला देऊ नका. तिची सवय लागते आणि सुटताना जड जाते.

बाबांशी भांडू नका. पोराला आयुष्यभर गोळ्यांवर राहावं लागेल ही त्यांची भीती आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत तसं होत नाही. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिहून न्या: निदान काय, गोळी साधारण किती महिने, उतरवायची कशी, समुपदेशन कुठे, बी-१२ आणि थायरॉइड बघायचं का. मुलाने तो लेख मोबाइलवर उघडून सरळ डॉक्टरांपुढे ठेवावा. चांगला डॉक्टर त्यावर बोलेल. कुणी नुसतं उडवून लावलं तर दुसऱ्याचं मत घ्यायला हरकत नाही, तोवर गोळी चालू ठेवून. आणि मुलगा यायलाच तयार नसेल, तर तुम्ही दोघं त्याला सांगून आधी जाऊन या. आई-वडील एकटे आले म्हणून आम्ही परत पाठवत नाही.